दगडी घरातले साडूभाऊ

जगात जे जे वाईट घडू शकतं ते सगळं आज ना उद्या आपल्याच घरी घडणार आहे, आणि घडेल तेव्हा आपण नेमके आंघोळीला गेलेलो असणार आहोत, अशी पक्की खात्री बाळगून सुखाने जगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे माझा साडू. सुखाने हा शब्द मी विचार करून वापरतोय. काळजी करणारी माणसं साधारणपणे सुकलेली, चिडचिडी, खिशात ॲसिडिटीच्या गोळ्या घेऊन फिरणारी असतात. आमचे साडूभाऊ तसे नव्हते. गोल चेहरा, भरघोस मिशा, पोटावर थोडी सुबत्ता, आणि बोलणं इतकं संथ की ऐकणाऱ्याने निर्धास्त होऊन खुर्चीत मागे टेकावं. मग काही वेळाने त्याच्या लक्षात यायचं, की हे गृहस्थ आपल्याला तळघराच्या फरशीतून झिरपणाऱ्या विषारी वायूबद्दल सांगतायत, आणि तो वायू बहुधा आपल्याच तळघरात आहे.

अमेरिकेतल्या श्रूजबरीत त्यांचं घर आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. ते एका विमा कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात होते. उद्या अख्खी इमारत पाण्याखाली गेली, किंवा जळाली, किंवा दोन्ही एकदम झालं, तर कंपनीचं काम कसं चालू ठेवायचं याचा दिवसभर विचार करायचा, ही त्यांची नोकरी. म्हणजे ज्या स्वभावाला आमच्या नात्यात सगळे हसत, त्याच स्वभावाचा त्यांना ऑफिसात पगार मिळे. घरी येऊन ते तेच काम फुकट करत. गॅरेजमध्ये जनरेटर होता आणि तो बंद पडला तर असावा म्हणून दुसरा जनरेटर होता. बर्फाचं वादळ येणार म्हटलं की सगळं गाव दूध आणि ब्रेड आणायला धावायचं. साडूभाऊ मात्र त्या दिवशी खिडकीत चहा पीत बसायचे, आणि बाहेरून घाईघाईत जाणाऱ्या गाड्यांकडे अभ्यास झालेल्या मुलाने पाहावं तसे पाहायचे. एकदा खरोखरच झाडं तारांवर पडली आणि गावाचे लाइट गेले. आम्ही मुलांना ब्लँकेटात गुंडाळून त्यांच्याकडे गेलो, तर दारात लग्नातल्या यजमानासारखे उभे. आत हीटर चालू, बटाटेवडे तळले जातायत, आणि पलीकडच्या घरातली अमेरिकन म्हातारी आधीच सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेली. त्या संध्याकाळी मी त्यांना जितकं आनंदात पाहिलं, तितकं ते स्वतःच्या मुलीच्या ग्रॅज्युएशनलाही नव्हते. तिथे ते सगळा वेळ व्यासपीठाच्या खांबांकडे बघत होते.

प्रवासाला ते सहसा जात नसत. गेले तर हायवेवरच्या एकाच छापाच्या मोटेलमध्ये उतरत. कारण विचारलं तर म्हणायचे, "सगळ्या खोल्या सारख्या. अंधारात हात बरोबर बटणावर जातो." खोलीत शिरल्यावर बाकीची माणसं पलंगावर आडवी होतात, हे आधी जिने मोजून येत, खिडकी उघडते का ते बघत, आणि मग रिसेप्शनवरच्या मुलीला अगदी प्रेमाने विचारत, की इथल्या फायर ब्रिगेडची शिडी कितव्या मजल्यापर्यंत पोचते. बाहेरचं काही खात नसत. आम्ही रेस्टॉरंटमध्ये जेवायचो तेव्हा ते दाराकडे तोंड करून गरम पाणी घेऊन बसायचे, आणि आमच्याकडे आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखे बघायचे. स्वतःसाठी बॅगेत इलेक्ट्रिक कुकर, मुगाची डाळ, तांदूळ आणि मेतकूट. नायगाऱ्याच्या ट्रिपला त्यांनी मोटेलच्या बाथरूममध्ये खिचडी लावली. इथवर ठीक होतं. पण वरून हिंग-मोहरीची फोडणी हवी अशी त्यांना लहर आली. फोडणी तडतडली आणि पाठोपाठ सगळ्या इमारतीचा फायर अलार्म वाजला. निरनिराळ्या देशांचे लोक टॉवेल गुंडाळून पार्किंगमध्ये येऊन उभे राहिले. बाकी कुणी असता तर गाडीत तोंड लपवून बसला असता. साडूभाऊ हातात वाटी घेऊन बाहेर आले, घड्याळात पाहिलं आणि मला म्हणाले, "सिस्टिम चांगली आहे यांची. पुढच्या वेळीही इथेच उतरू."

अशा माणसाच्या घरी खरोखरच वाईट घडलं, तेव्हा मात्र त्यांच्या गॅरेजमध्ये त्यावर काहीच नव्हतं. ताईला, म्हणजे त्यांच्या बायकोला, माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीला, कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग केमो. साडूभाऊंनी रजा टाकली आणि तिला वूस्टरच्या हॉस्पिटलात न्यायचं-आणायचं काम स्वतःकडे घेतलं. त्या सगळ्या हिवाळ्यात त्यांनी एकही भाकीत केलं नाही. विमान कोसळेल, पूल खचेल, पाइप फुटेल, काही म्हणजे काही बोलले नाहीत. आम्हाला त्याचीच जास्त भीती वाटायची. माझी बायको एकदा रडवेली होऊन म्हणाली, भावोजी एवढे गप्प कधी नव्हते, काहीतरी वाईट बोलले असते तर बरं वाटलं असतं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी रिपोर्ट चांगले आले. केस परत यायला लागले. ताई कामावर जाऊ लागली. एकच गोष्ट परत आली नाही, ती म्हणजे चव. काहीही तोंडात घातलं तरी पत्र्याचा डबा चाटल्यासारखं लागतं, असं ती सांगायची. डॉक्टर म्हणाले, होतं असं, येईल परत, वेळ द्या. साडूभाऊंनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. धिरडी, कढी, टोमॅटोचं सार, शेवयांची खीर, रोज काहीतरी नवं. ताई दोन घास खायची, "छान आहे" म्हणायची आणि ताट सरकवायची. ती वाळत चालली होती. साडूभाऊ ते उरलेलं ताट घेऊन ओट्याशी उभे राहायचे आणि उभ्याउभ्याच संपवायचे. आम्ही ते खिडकीतून पाहिलेलं आहे.

ताईच्या लॅबमध्ये एक ग्रीक बाई कामाला होती. तिच्या चुलतभावाने ग्रीसच्या उत्तरेकडच्या डोंगरात, आजोबांचं पडलेलं दगडी घर पुन्हा उभं करून तिथे पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या होत्या. त्या घराचा फोटो त्या बाईच्या टेबलावर होता, आणि आजारपणाच्या आधीपासून ताई येता-जाता तो बघायची. सप्टेंबरात एका रविवारी आम्ही चौघं चहा पीत असताना ती म्हणाली, "मी ऑक्टोबरात तिथे चाललेय. ज्याला यायचंय त्याने या." भाजी आणायला चाललेय, अशा आवाजात. साडूभाऊंनी कप खाली ठेवला. हॉस्पिटल किती लांब आहे, रस्ते कसे आहेत, भूकंप होतात का, असं एकेक विचारायला त्यांनी सुरुवात केली. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, व्हायचं ते घरी बसून पण झालंच ना." दुसऱ्या दिवशी त्यांनी चार तिकिटं काढली. आमची आम्हाला न विचारता. गाडी चालवायला मी, आणि ताईला सोबत माझी बायको. शिवाय ग्रीसच्या व्होल्टेजला चालेल असा नवा कुकर.

इओआनिना शहर सोडल्यावर रस्ता डोंगरात चढायला लागला. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि मागच्या सीटवर साडूभाऊ. प्रत्येक वळणावर त्यांचा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला जात होता आणि माझ्या सीटला मागून धक्का बसत होता. गावात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. सगळी घरं करड्या दगडाची, छपरंसुद्धा दगडी पाट्यांची. अंगणात अक्रोडाचं मोठं झाड, आणि त्याखाली घराचा मालक उभा. अनेक वर्षं जहाजावर इंजिनिअर होता, त्यामुळे इंग्रजी मोडकं पण मोकळं. त्याने आम्हाला खोल्या दाखवल्या. हातभर जाड भिंती, लाकडी तक्तपोशी, कोपऱ्यात शेकोटी, पलंगावर लोकरीची घोंगडी. ताई खिडकीच्या खोल कट्ट्यावर जाऊन बसली ती तिथून हलेचना. मालक अभिमानाने सांगत होता, की तो परत आला तेव्हा या खोलीला छप्परच नव्हतं; आता पलंग आहे तिथे अंजिराचं झाड उगवलं होतं.

साडूभाऊंनी वर पाहिलं. "म्हणजे हे छप्पर एकदा पडलेलं आहे?"

"हो तर," मालक खूश होऊन म्हणाला. "म्हणूनच तर नवं आहे."

खोलीला कुलूप नव्हतं. किल्ली मागितली तेव्हा मालकाला हा माणूस काय मागतोय हेच आधी कळलं नाही, आणि कळल्यावर तो खांद्यावर हात ठेवून म्हणाला, की या गावात दार फक्त वाऱ्यासाठी लावतात. साडूभाऊंनी मान डोलावली आणि झोपताना खुर्ची दाराला टेकवून ठेवली. ते ताईने आम्हाला सकाळी सांगितलं.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी खोलीतच कुकर लावला. आम्ही दोघं खाली जेवायला बसलो. मालकाची बायको स्वयंपाक करायची. उंच, हसरी, इंग्रजी जवळजवळ नाही. तिने डोंगरातला रानपाला आणि चीज घालून पातळ पापुद्र्यांत भाजलेली मोठी गोल पोळी आणून ठेवली, टोमॅटोत शिजवलेले टपोरे पांढरे वाल, आणि घरचा पाव. पहिल्या घासाला आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो, आणि मग माझ्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं चांगलं जेवण समोर, आणि वर तिची बहीण खिचडीचे दोन घास खाऊन "छान आहे" म्हणत असणार.

दुसऱ्या दिवशी आम्ही दरीतल्या जुन्या कमानीच्या पुलापर्यंत चालत गेलो. परत येताना ढग भरून आले, आणि घरी पोचेपर्यंत असा काही पाऊस लागला की छपरावरच्या दगडी पाट्या वाजायला लागल्या. साडूभाऊंनी मूग धुतले, तांदूळ धुतले, कुकरचं बटण दाबलं, आणि सबंध गावाचे लाइट गेले.

मालक जिन्यात मेणबत्ती घेऊन आला. आज काही येणार नाहीत, म्हणाला. खाली चूल पेटलेली आहे, सगळ्यांनी खाली या. त्या अंधारात साडूभाऊंच्या चेहऱ्यावर दोन भाव एकदम आले असणार. कुकर बंद पडला हे एक; आणि आपण ज्यासाठी जन्मलो तो क्षण आला, हे दुसरं. त्यांनी बॅग उघडली. तिच्यातून दोन बॅटरीचे कंदील निघाले, टॉर्च निघाले, आणि खाणकामगार लावतात तसे पट्ट्याने कपाळावर बांधायचे दिवे निघाले. ते खाली घेऊन गेले आणि वाटायलाच लागले. एक मालकाला, एक त्याच्या बायकोला, एक तिथे उतरलेल्या वयस्कर जर्मन जोडप्याला, एक मला, आणि एक स्वतःच्या कपाळावर. मालकाची बायको कपाळावर दिवा लावून चुलीशी उभी राहिली, तिने आरशात स्वतःला पाहिलं आणि पोट धरून हसली. जर्मन गृहस्थांनी उठून साडूभाऊंशी हात मिळवला. तुमच्यासारखी माणसं कमी उरली आहेत, असं काहीसं ते म्हणाले. साडूभाऊ लाजले. इतकी वर्षं ज्याला सगळे हसले होते, त्याचं कौतुक व्हायला ग्रीसच्या डोंगरात यावं लागलं.

ताई चुलीजवळच्या बाकावर शाल घेऊन बसली होती. मालकाच्या बायकोने तिच्यासमोर मातीच्या खोलगट वाडग्यात वाफाळतं पांढरट सूप ठेवलं, वर चीजचा चुरा आणि मिरपूड. साडूभाऊ लगेच तिथे. काय आहे, त्यांनी विचारलं. मालकाने सांगितलं, उन्हाळ्यात आंबवलेल्या दुधात भरडलेला गहू शिजवायचा, कडक उन्हात वाळवायचा आणि थंडीत त्याचं असं सूप करायचं. त्याला त्राहाना म्हणतात.

साडूभाऊ माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "नावातच त्राहि आहे." मग त्यांनी दूध कुठल्या जनावराचं, उकळलं होतं का, किती उकळलं, हे सगळं विचारलं. मालकाने शांतपणे सांगितलं, तेव्हाही उकळलं होतं आणि आताही मघापासून उकळतंय. तरी ते ताईला म्हणालेच, थोडं थांब, लाइट येतील, मी मुगाची करून देतो.

"अहो, मला भूक नाहीच आहे," ताई म्हणाली. "मग काहीही खाल्लं तर काय बिघडतं?" आणि तिने चमचा तोंडात घातला.

ती थांबली. चमचा तसाच हातात. साडूभाऊंच्या कपाळावरचा दिवा सरळ तिच्या तोंडावर होता, त्यामुळे आम्हा सगळ्यांना तिचा चेहरा नाटकातल्यासारखा दिसत होता. ओकारी येतेय का, त्यांनी घाईने विचारलं. तिने दुसरा चमचा घेतला, डोळे मिटले, आणि जिभेने टाळूपाशी काहीतरी शोधल्यासारखं केलं.

"आंबट आहे," ती म्हणाली.

कुणाच्या काही लक्षात येईना.

"अहो, आंबट लागतंय मला. आपल्या आंबिलीसारखं."

तिच्या चेहऱ्यावरचं ते उजेडाचं वर्तुळ हलायला लागलं. आधी थोडं, मग चांगलंच. तिच्या कपाळावर, मागच्या भिंतीवर, वाडग्यात, पुन्हा तिच्या चेहऱ्यावर. डोक्यावरचा दिवा हलतोय म्हणजे काय होतंय हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं, मराठी न येणाऱ्यांनाही. एक त्यांनाच कळलं नव्हतं. माझी बायको उठली, त्यांच्याजवळ गेली आणि हलक्या हाताने तो दिवा बंद केला. बाकीच्यांनीही आपापले दिवे आणि कंदील मालवले. मग तिथे फक्त चुलीचा उजेड राहिला, आणि ताईचा चमचा वाडग्याला लागल्याचा आवाज. तिने ते सगळं संपवलं. मालकाच्या बायकोने न विचारता पुन्हा वाढलं.

बऱ्याच वेळाने साडूभाऊंनी नाक पुसलं, बाकावर ताईच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "मला पण जरा द्या." मी त्यांना बाहेरचं अन्न तोंडात घालताना पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा. खाताना त्यांनी दाराकडे पाठ केलेली होती.

पुढचे दिवस आम्ही कुठे म्हणून गेलो नाही. पाऊस उघडला, ऊन पडलं. ताई अंगणात अक्रोडाखाली बसायची आणि समोर येईल ते चाखून बघायची. आंबट आधी आलं होतं, मग खारट आलं. गोड जरा रेंगाळलं. एके सकाळी मुरंब्यासारखं काहीतरी चमच्याने खाताना तिने "अगंबाई" म्हटलं, आणि माझी बायको उगाचच हसत सुटली. साडूभाऊ स्वयंपाकघरात ठाण मांडून बसले होते. त्यांना मालकाच्या बायकोची भाषा येत नव्हती आणि तिला त्यांची. पण ती पाला निवडायला समोर ठेवायची आणि ते निवडायचे. सुधारले वगैरे मुळीच नव्हते. आग विझवायचा सिलिंडर चुलीच्या फार जवळ टांगलाय, हे त्यांनी मालकाला खुणांनी पटवलं आणि दोघांनी मिळून तो दाराशी हलवला. निघायच्या सकाळी त्यांनी कपाळावरचे सगळे दिवे तिथेच ठेवले. जर्मन बाईंनी ताईला मिठी मारली. दरीतून खाली उतरताना साडूभाऊ वळणांवर पाय दाबत होते, तसेच, पण मध्येच झोपून गेले. माझ्या सीटला धक्का बसेना म्हणून मी आरशात पाहिलं. तोंड उघडं, चष्मा घसरलेला, आणि ताई त्यांच्या खांद्याला टेकून बाहेर बघत बसलेली.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. ताई बरी आहे. तपासण्या नीट येतात, वजन वाढलं म्हणून तक्रार करते. साडूभाऊ रिटायर झाले, आणि मुलीला बाळ झाल्यावर दोघांनी श्रूजबरी सोडून टेक्सासमध्ये तिच्याजवळ, फ्रिस्कोला जायचं ठरवलं. तिकडच्या वादळांबद्दल त्यांनी मला पुष्कळ सांगितलं. सामानाचा ट्रक पुढे गेला. ते स्वतः गाडीने टेक्सासला निघाले होते, कारण विमानाचं काय सांगावं. ताई आणि माझी बायको आत शेवटचं बघत होत्या. आम्ही दोघं ड्राइव्हवेवर उभे होतो. मला वाटलं, आता ते टायरचं प्रेशर सांगतील. ते खाली बघत म्हणाले, "अजून कधीकधी दचकून जाग येते. त्या दिवशी लाइट गेले नसते तर?"

मला हसू आलं, पण ते हसत नव्हते. घडलेल्या चांगल्या गोष्टीचीसुद्धा हा माणूस उलट्या बाजूने काळजी करत होता.

"पण गेले ना," मी म्हणालो.

त्यांनी जरा विचार केला. "हो," ते म्हणाले. "गेले खरे."

मग दोघी बाहेर आल्या, बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, गाडीची दारं लागली. त्यांची गाडी हळूहळू उतारावरून खाली गेली. सकाळची वेळ, रस्त्यावर दुसरं चिटपाखरू नव्हतं. तरी वळणाच्या कितीतरी आधीपासून त्यांनी सिग्नल दिला. तो लुकलुकताना आम्हाला बराच वेळ दिसत राहिला.